जॉर्जियाची सावड

आमच्या गावात दुसऱ्याच्या शेतात काम करण्याचे दोनच प्रकार आहेत. एक मजुरी, म्हणजे संध्याकाळी पैसे घेऊन घरी जायचं. दुसरी सावड, म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात. पैशाचं नाव काढायचं नाही, दुपारचं जेवण शेतवाल्याने घालायचं आणि ज्या घराने जितके हात दिले तितके त्या घराला परत करायचे. तिसरा प्रकार आमच्याकडे कधी नव्हता. त्यामुळे मी पंचेचाळिशीत एकटी जॉर्जिया नावाच्या देशात जाऊन एका अनोळखी बाईच्या शेतात फुकट राबून येणार आहे, हे कळल्यावर गावाने मला वेड्यात काढलं नाही. गावाने एवढंच विचारलं, की मग ती बाई आपल्याकडे कधी येणार.

माझं गाव कशेळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मी रसायनीला एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहते आणि शनिवारी घरी येते. लग्न केलेलं नाही. त्याची कारणं इथे देत नाही, कारण ती ऐकण्यासाठी अख्खं गाव इतकी वर्षं कान टवकारून बसलंय आणि त्यांनाही मी ती सांगितलेली नाहीत. घरात आई, भाऊ आणि वहिनी. शेत लहानसं, भाताचं.

या शेताने माझी आयुष्यभराची रजा खाल्ली. नोकरी लागल्यापासून दर आषाढात मी हक्काची रजा टाकायचे आणि लावणीला घरी यायचे. लॅबमधल्या बायका केरळ करून यायच्या, कुणी काश्मीर करून यायची. मी लावणी करून यायचे आणि पुढचा आठवडाभर वाकून चालायचे. साहेब विचारायचे, "काय मॅडम, कुठे गेला होता?" मी म्हणायचे, "घरीच." त्यांना वाटायचं, बाईला फिरण्याची हौस नाही. मला हौस होती. नुसती हौस नव्हती, माझा जळफळाट व्हायचा.

त्या वर्षी आमचा प्लान्ट मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं ठरलं, तोही नेमका आषाढात. साठलेली सगळी रजा घेऊन टाका, असं वरून सांगण्यात आलं. लॅबमधल्या एका पोरीने मला मोबाईलवर एक वेबसाईट दाखवली. तिथे जगभरच्या शेतकऱ्यांनी आपापल्या घरांचे फोटो टाकले होते. आपण जायचं, दिवसातले काही तास काम करायचं, ते राहायला आणि खायला देतात. एकट्या बाईने परदेशात हॉटेलात राहायचं म्हटलं की मला ते नकोच वाटायचं. तिथे नुसतं बसून करायचं काय, हेच मला कळायचं नाही. पण जिथे कामाला गेलोय तिथे हातांचं काय करायचं हे तरी ठाऊक असतं. मी जॉर्जियातल्या डोंगरावरचं एक घर निवडलं, कारण फोटोतली म्हातारी कॅमेऱ्याकडे बघून हसत नव्हती. हसून बोलावणाऱ्या माणसांवर माझा फारसा विश्वास नाही.

भावाला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "ताई, म्हंजे लावणीतनं सुटायला तू रजा घेनार, आन् इमानानं जाऊन गवत कापनार?"

मी म्हटलं, "ते वेगळं असतं. त्याला स्वयंसेवा म्हणतात."

आई लसूण सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "पैसं देनार?"

"नाही. जेवण देतात."

"मंग ती सावडच झाली."

मी तिला समजावलं, की यात परतफेड नसते. आपण आपल्या मनाने करतो, आनंदासाठी करतो. स्वयंसेवक असतो आपण. आईने लसणाची पाकळी बाजूला ठेवली. "सोयंसेवक म्हंजे गनपतीत बिल्ला लावून दोरी धरून उभी ऱ्हातात ती पोरं. ती काय कुनाच्या शेतात जात नाय."

आता आमच्या सावडीची भानगड अशी, की तिची सगळी सूत्रं शेजारच्या काकीकडे आहेत. पाच घरांची सावड. कुणाच्या घरून किती हात आले आणि कुणाकडे किती जायचेत हे तिच्या डोक्यात असतं, आणि त्या डोक्याशी वाद घालण्याची हिंमत आजवर सरपंचालाही झालेली नाही. आईचे गुडघे गेल्यापासून आमच्या घरचे तीनच हात उरले होते, भाऊ, वहिनी आणि मी. त्यातली मी परदेशी चालले म्हटल्यावर काकी ओटीवर येऊन बसली.

"यंदा तुमचा हात कमी हाय. कसं करायचं?"

आई जराही अडखळली नाही. "पोरीचा हात जॉर्जियाला गेलाय. फुडच्या वरसाला जॉर्जियाचा हात येल. तवर उधार धर."

काकीने विचार केला. मला वाटलं, आता ही आईला हसेल. ती म्हणाली, "बरं, धरते." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "ती बाय चिखलात उतरंल ना गं?"

मला गंमत वाटली. मी म्हटलं, "उतरेल की." बोलण्याच्या भरात माणूस काय काय बोलतो.

एकटीने केलेल्या त्या प्रवासाबद्दल मला अजून लोक विचारतात आणि मी फुशारकीने सांगते. खरं असं की मुंबईच्या विमानतळावर मी इतकी आधी पोहोचले होते की आमच्या फाटकापाशी माझ्याआधी दुसऱ्याच कुठल्या तरी गावच्या विमानाचे लोक बसून गेले. पाणी प्यायले नाही, कारण मग उठावं लागलं असतं, आणि उठले तर सामान कोणाच्या हवाली करायचं? शेजारी एक भला माणूस होता, पण तो हसत होता. मध्ये आखातात विमान बदलायचं होतं. तिथे सरकत्या पट्ट्यावर मी चुकून उलट्या दिशेने चढले आणि बराच वेळ चालूनही जागच्या जागीच राहिले. समोरून येणाऱ्या लोकांनी मला वाट करून दिली. त्यांना वाटलं असेल, बाई व्यायाम करतेय.

म्हातारी डोंगरातल्या वळणावर, मिनीबस थांबते तिथे, उभी होती. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. तिने नमस्कार-चमत्कार केले नाहीत. माझे दोन्ही हात हातात घेऊन पालथे-सुलटे करून बघितले आणि मान डोलावली. मग माझी बॅग स्वतः उचलली आणि चालायला लागली. घरी ती एकटीच होती. नवरा वारलेला, मुलगा परदेशात ट्रक चालवायचा. शहरात राहणाऱ्या नातीला इंग्रजी येत होतं आणि वेबसाईटचं सगळं तीच बघायची. गरज पडली की नातीला फोन लावायचा आणि तिच्यामार्फत बोलायचं, अशी सोय होती.

अडचण एवढीच, की फोनला रेंज घराच्या ओट्यावर होती आणि काम डोंगरावर होतं. आमच्याकडे शेत आडवं असतं. तिचं उभं होतं. कापलेलं गवत दाताळ्याने ओढून खाली आणायचं होतं, आणि तिच्या मागे जाताना मी गवताआधी खाली यायचे. शेवटी आम्ही आपापल्या भाषेत बोलायला लागलो. मी मराठीत म्हणायचे, "अगं बाई, पाय सरकतोय माझा," आणि ती तिच्या भाषेत काहीतरी ओरडायची. पाय आडवा टाक असं ती सांगत होती, हे रात्री नातीकडून कळलं. तोवर मी दोनदा घसरत थेट तिच्या गाईपर्यंत जाऊन आले होते.

पण मी सुखात होते, हे सरळच सांगते. संध्याकाळी ओट्यावर बसून ती मला चीज भरलेली गरम भाकरी द्यायची, झाडाची आलुबुखारं द्यायची. एकदा तिने बोटात अंगठी घातल्याची खूण करून विचारलं, लग्न? मी मान हलवून नाही म्हटलं. तिने खांदे उडवले आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडा टाकला. त्या तुकड्याच्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या कमी बोलण्यात तो विषय संपू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

एका सकाळी मात्र मी तिच्यावर मनातून चिडले. तिने मला दाताळं दिलं आणि आपल्या शेतात न नेता खालच्या घराच्या शेतात नेलं. दिवसभर आम्ही दोघींनी त्यांचं गवत ओढलं. मला वाटलं, ही म्हातारी तर मला फुकटात भाड्याने द्यायला लागली. वेबसाईटवर हिचं शेत लिहिलंय, शेजाऱ्याचं नाही. दुसऱ्या दिवशी त्या खालच्या घरची माणसं हिच्या शेतात आली आणि दुपारी तिने त्यांना जेवायला घातलं. मी हे सगळं डोळ्यांनी बघितलं, जेवण वाढायला मदतही केली, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. जन्म सावडीत काढलेली बाई मी, पण परदेशात मला ती ओळखू आली नाही. तिथे मी स्वयंसेवक होते ना.

परत आले. नातीने वेबसाईटवर मला पाच तारे दिले आणि खाली चांगल्या चार ओळी लिहिल्या. लॅबमध्ये मी ते सगळ्यांना दाखवलं. आपण काहीही अपेक्षा न ठेवता कुणासाठी तरी काही केलं, याचा मला फार अभिमान वाटत होता. वर्षभर तो अभिमान मी जपून वापरला. पुढच्या ज्येष्ठात एका रविवारी काकी ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, "जॉर्जिया कवा येनार?"

मी हसले. काकी हसली नाही. आईही हसली नाही.

मग माझ्या लक्षात आलं, की आई आणि काकीचं गेल्या वर्षीचं ते बोलणं थट्टा नव्हती. मी घाईघाईने म्हटलं, "काकी, मी दुप्पट काम करीन. यंदाचाही हात देते आणि मागचाही."

"एका दिसाला तू दोन शेतात कशी उभी ऱ्हाशील?" काकीने शांतपणे विचारलं. "तू तुमच्या घरचा हात. जॉर्जियाचा हात येगळा. गेल्या वरसाला मी बाकीच्या घरांना गप केलं ते त्याच्यावर. यंदा नाय आला तर ती म्हनतील, ह्यांचं घर सावडीत धरू नका. मी तरी काय बोलू?"

सावडीतून बाहेर पडणं म्हणजे काय, हे आमच्याकडे पोराटोरालाही कळतं. आता मजूर मिळत नाहीत. कशेळ्यापासून डोंगरापर्यंत प्रत्येक वळणावर फार्महाऊस झालंय, आणि गावातला जो मोकळा आहे तो तिथे माळी आहे, राखणदार आहे, नाहीतर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाकऱ्या भाजतोय. भरल्या पावसात चिखलात वाकायला पैसे देऊनही कोणी येत नाही. सावड तुटली तर आमचं शेत लावायला आम्ही तिघं पुरे पडलो नसतो. शेत ओस पडलं असतं. भाऊ आधीपासूनच म्हणत होता, "पडूंदे ओस. घेनारे दारात उभे हायत." ते खरंच उभे होते. एकाने तर आमच्या बांधावर स्विमिंग पूल कुठे येईल हेसुद्धा बोटाने दाखवलं होतं.

आई भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती सकाळी उठून काठी टेकत शेतापर्यंत जायची, बांधावर बसायची आणि परत यायची. शेत गेल्यावर ही सकाळी उठून कुठे जाईल, हा प्रश्न आम्ही भावंडं एकमेकांना विचारायचं टाळत होतो.

म्हातारीला फोन करायचं माझं धाडस होईना. काय म्हणणार? मी तुमच्याकडे फुकट काम केलं, आता तुम्ही आमच्याकडे करा? पाच तारे मिळालेल्या माणसाने असं बोलायचं? मी आज करते, उद्या करते असं करत राहिले, आणि मध्येच भावाला एक युक्ती सुचली.

पळसदरीच्या धरणाकडे कोणाच्या तरी बंगल्यात योग शिकायला परदेशी लोक उतरले होते. भाऊ त्यातल्या एकाला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. उंच, दाढीवाला, अतिशय आनंदी माणूस. त्याला शेतीचा अनुभव हवा होता, भावाला जॉर्जिया हवा होता. काकीने लवकर पेरलेला एक तुकडा लावणीला आला होता आणि सावडीची सगळी घरं तिथे जमली होती. भावाने जाहीर केलं, "आला बघा जॉर्जियाचा हात."

पाहुणा अनवाणी चिखलात उतरला आणि डोळे मिटून उभा राहिला. सगळे थांबले. बराच वेळ झाला तरी तो डोळे उघडेना, तेव्हा एका आजोबांनी हळूच विचारलं की याला फीट तर येत नाही ना. मग त्याने डोळे उघडले, सगळ्यांना हात जोडले, रोपांची मूठ घेतली आणि लावायला लागला. त्याने रोपं गोल लावली. मधोमध एक, मग त्याभोवती एक वर्तुळ, मग आणखी मोठं. काकी कमरेवर हात ठेवून बघत होती. "आमच्यात सरळ लावतात," ती म्हणाली, पण तोवर तिसरं वर्तुळ सुरू झालं होतं.

आई बांधावर बसली होती. तिने फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्याने शेत वाचत होतं, कारण काकीही बहुधा डोळेझाक करायला तयार होती. आई म्हणाली, "ह्यो नव्हं."

भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "आई, गप ऱ्हा गं."

"कशी गप ऱ्हाऊ? पोरगी बायच्या घरी राबली. ह्यो त्या घरचा हाय का? सावड घराची असती. येरवी कुनालाबी धरून आनलं असतं." आणि ती काकीला म्हणाली, "ह्याचा हात धरू नको."

मला आईचा भयंकर राग आला. स्वतःचं शेत बुडत असताना नियम सांगत बसलीय. काकीने पाहुण्याला पोटभर जेवू घातलं, भावाने त्याला परत नेऊन सोडलं, आणि घरी आल्यावर आई मला म्हणाली, "लाव फोन."

मी नातीला फोन लावला. नातीने आजीला दुसऱ्या फोनवर घेतलं. आई बोलणार, मी इंग्रजीत सांगणार, नात तिच्या भाषेत आजीला सांगणार. जॉर्जिया लांब आहे हे धरून आई ओरडून बोलली, "माजी पोरगी तुमच्या शेतात राबली. आमचा हात कमी झाला. लावनी आलीय. आता तुमी या."

माझी मान खाली गेली. मी नातीला सांगितलं, की आईची खूप इच्छा आहे, की कधी सवड झाली, प्रकृतीने साथ दिली, आणि भारत बघावासा वाटला, तर आजींनी आमच्याकडे यावं, अर्थात काही बंधन नाही.

"मी येवढं लांब नाय बोलले," आई म्हणाली. "नीट सांग."

मग मी नीट सांगितलं. गेल्या वर्षी मी तुमच्या घरचा हात झाले, तेव्हा आमच्या घरचा हात कमी पडला. तो तुम्ही द्यायचा आहे. नातीने ते आजीला सांगितलं. मी मनात म्हटलं, संपलं, पाचचा आता एक तारा होणार. मग म्हातारीचा आवाज आला. ती बराच वेळ तावातावाने बोलली. मला तो आवाज ओळखीचा होता, मी घसरायला लागले की ती असंच ओरडायची.

नात चाचरत म्हणाली, "आजी रागावली आहे. ती विचारतेय, वर्षभर का थांबलात? तिला वाटलं, तिचा हात तुम्हाला नको आहे. लावणी कधी ते सांगा म्हणते."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बघ. शहाणी बाय हाय." आणि शहाणी कोण नाही, हे सांगायला तिने माझ्याकडे एक नजर टाकली.

तिकिटाचा खर्च आम्ही करतो म्हटल्यावर म्हातारी पुन्हा रागावली. व्हिसाचं नातीने बघितलं, गाय खालच्या घरी ठेवली, आणि ऐन लावणीत सत्तरीला टेकलेली ती बाई आयुष्यात पहिल्यांदा एकटीने विमानात बसून मुंबईला उतरली. तेच रबरी बूट घालून. मी तिला घ्यायला गेले तर ती बाहेरच्या कठड्यापाशी बॅगेवर बसली होती आणि पाणी देऊ करणाऱ्या माणसाला हातानेच दूर राहा म्हणून सांगत होती. मला तिची इतकी माया आली, की मी तिला मिठीच मारली. तिने माझे हात पालथे-सुलटे करून बघितले.

भात तिने उभ्या आयुष्यात बघितलेलं नव्हतं. ती रोप असं खोल खुपसायची की नुसते शेंडे वर राहायचे. काकी तिच्या मागोमाग ते उपटून पुन्हा लावत होती आणि आमच्या बोलीत तिला झाडत होती. "आगं, वरवर लाव. पुरायचंय का त्याला?" म्हातारी सरळ उभी राहून आपल्या भाषेत उलट झाडायची. एकीचा शब्द दुसरीला कळत नव्हता, पण भांडण कुठेही अडत नव्हतं. मी मध्ये पडून भाषांतर करायला गेले तर दोघींनी मला गप्प केलं. दुपारी भाकरी आणि सुकटीची चटणी होती. म्हातारीने चटणी खाल्ली, तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने आणखी मागितली. काकीने तिला आपल्या शेजारी बसवलं. दुसऱ्या दिवसापासून रोपं वर राहायला लागली.

ती पाचही घरांच्या शेतात गेली. रोज संध्याकाळी आई तिचे पाय गरम पाण्यात घालायला लावायची आणि स्वतःचे गुडघे घेऊन तिच्या समोर बसायची. शेवटी आमचं शेत लावून झालं. काकीने सगळ्यांच्या समोर म्हटलं, "जॉर्जियाची फिटली. आता कुनाचं काय नाय." आई बांधावर बसून रडली. पदर वगैरे न लावता, उघड रडली. भावाने दुसरीकडे बघितलं. मला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं, आणि मला वाटलं की गोष्ट इथे संपली.

म्हातारीचं परतीचं विमान तीन-चार दिवसांनी होतं. भावाने तिला पळसदरीचं धरण दाखवायला गाडी ठरवली. सकाळी बघतो तर ती घरात नाही. खालच्या अंगाला आमचा एक तुकडा शिल्लक होता, ओढ्याकाठचा. तो सावडीत धरलेला नव्हता, आम्ही घरच्या घरी सवडीने लावणार होतो. ती तिथे होती. एकटी. गुडघाभर चिखलात वाकून, सरळ रांगेत, वरवर रोपं लावत होती.

आई काठी टेकत माझ्या मागे आली आणि बघताच घाबरली. "थांबव गं तिला. फिटलंय समदं. आता करंल ते आपल्यावर चढंल."

मी बांधावरून ओरडले. म्हातारीने हात वर केला आणि परत वाकली. तिला कळलं नसेल, म्हणून मी नातीला फोन लावला, स्पीकर चालू केला, चिखलात उतरले आणि फोन तिच्या कानाजवळ धरला. नातीला म्हटलं, आजीला सांग, तिने द्यायचं ते सगळं देऊन झालं. आता ती जे काम करेल त्याची सावड आमच्या घरावर चढेल.

नातीने सांगितलं. म्हातारी वाकलेलीच राहिली. एक रोप लावलं, दुसरं लावलं, आणि मग खाली बघतच काहीतरी बोलली.

"आजी म्हणते, ते तिला माहीत आहे," नात म्हणाली. "ती म्हणते, खालच्या घरची माणसं यंदा शहरात राहायला जाणार आहेत. पुढच्या वर्षी गवत तयार होईल तेव्हा तिच्याकडे कोणी असणार नाही. आता तुमच्यातल्या कोणाला तरी यावं लागेल."

मी चिखलातून बाहेर आले आणि आईला सांगितलं. आई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. पाऊस नव्हता. ती त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली, आणि मला वाटलं ती पुन्हा नियम सांगेल.

"एवढ्याशानं काय व्हनार?" आई म्हणाली. "तिला म्हनावं, समदा तुकडा कर."

मी फोनवर नातीला तसं सांगितलं.